मुलांचा रोजचा तासभर खेळ : सोलापूरचं ऊन, सोसायटीचं पार्किंग आणि ‘आऊट’चा घोळ

मुरूम_मैदान (धागाकर्ता)

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली. चौकाचौकात शिबिरांचे फ्लेक्स लागतील, पोरं पंधरा दिवस जातील आणि मग शाळा उघडेपर्यंत कूलरसमोर लोळतील. म्हणून हा धागा शिबिरांचा नाही, रोजच्या खेळाचा आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथं कान धरावा.

आधी हिशेब. ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी, आणि आठवड्यातले निदान ३ दिवस दम लागेल, हाडा-स्नायूंवर जोर येईल असं काही त्यात असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय. मध्यम म्हणजे किती? खेळता खेळता मूल बोलू शकतं, पण गाणं म्हणू शकत नाही. जोरकस म्हणजे तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. मनगटाला पट्टा बांधायची काही गरज नाही.

“आमचा तर दोन तास खाली असतो” हे उत्तर ठरलेलं. खाली असतो, पण हलतो किती? मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, एकच मूल नजरेत धरा. ते चाललं-पळालं की सुरू, थांबलं की बंद. दहा मिनिटं एवढंच करा. पार्किंगमधल्या क्रिकेटात १२ पोरं असली तर एक मारतो, एक टाकतो आणि दहाजण उभे. त्यातलं सगळ्यात लहान पोर गेटजवळ उभं केलेलं असतं. चेंडू गटारात गेला की तेवढं पळतं.

दुसरा चोर म्हणजे ‘आऊट’. ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिला बाद होतो आणि डाव संपेपर्यंत कट्ट्यावर बसतो. म्हणून नियम एकच बदला: बाद झालेलं मूल बसणार नाही. दहा उड्या मारून परत डावात.

१० ते १४ मुलं आणि साधारण ४० बाय २० फुटांची जागा असेल तर हे तीन खेळ बसतात.

साखळी. राज्य असलेला ज्याला पकडेल तो त्याचा हात धरतो. साखळी चारची झाली की दोन-दोन अशी तुटते. तोडली नाही तर आठजणांची लांबलचक साखळी नुसती हेलकावे खाते आणि टोकाचा पोरगा फेकला जाऊन पडतो.

लगोरी. ७ चपट्या ठिकऱ्या, खालची साधारण १५ सेंमी, वरची ५ सेंमी. बाथरूमच्या टाइलचे तुकडे वापरू नका, त्यांची कड ब्लेडसारखी असते. शहाबादी फरशीचे तुकडे घ्या आणि कडा दगडावर घासून बोथट करा. लहानांनी ४ मीटरवरून मारायचं, मोठ्यांनी ६ वरून. चेंडू कापडी, म्हणजे जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून वरून टाके घातलेला. नेम फक्त गुडघ्याखाली. मुलं दहाच्या वर गेली की दोन लगोऱ्या मांडा, नाहीतर पुन्हा रांगच लागते.

खो-खो. आठ बसवायची गरज नाही, पाच पुरे. दोघांत दीड ते दोन मीटर अंतर, तोंडं आलटून पालटून. खांबाऐवजी दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेले प्लॅस्टिकचे कॅन. पाळी दोन मिनिटांची. बसणाऱ्यानं बूड टेकायचं नाही: एक पाऊल पुढे, टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला. इथं हमखास चूक होते ती अशी की ‘खो’ म्हणजे पाठीत धक्का असं मुलं समजतात, आणि पुढचा तोंडावर आपटतो. खो म्हणजे पाठीला उघड्या पंजाचा नुसता स्पर्श, आणि शब्द त्याच क्षणी. पहिला दिवस फक्त एवढंच घोटून घ्या.

पार्क_चौक_कट्टा

वाचनखूण साठवली. काय वो सर, मोज्याचा चेंडू सांगितला ते बरं केलं, काचा तरी वाचतील बघा.

दीड_दमडी

लेख उत्तम, पण एका मुद्द्यावर कडाडून विरोध. “बाद झालास, मार दहा उड्या” ही शिक्षाच आहे. शाळेत गृहपाठ नाही केला की मैदानाला फेऱ्या, दंगा केला की उठाबशा. पळणं आणि बैठका म्हणजे अपमान, हे गणित मुलाच्या डोक्यात तिथंच पक्कं होतं. मग पंधराव्या वर्षी त्याला “जरा पळत जा” म्हटलं की ते तोंड वाकडं करतं. आपणच शिकवलंय ते.

दुसरं, बाद होणारं मूल बहुतेक वेळा तेच असतं. दर दोन मिनिटांनी सगळ्यांसमोर त्यालाच उड्या. यापेक्षा ते बसलेलं बरं.

त्याऐवजी बाद झालेला समोरच्या गटात जाऊ दे. डाव संपेपर्यंत सगळे एका गटात येतात, कोणीच हरत नाही, आणि शेवटचा उरलेला पळून पळून घामाघूम होतो. विषामृतात तर सोय आहेच: विष मिळालेला जागीच थांबतो, गड्यानं शिवून अमृत दिलं की सुटतो. फक्त थांबण्याला ३० सेकंदांची मर्यादा घाला. कोणी सोडवायला आलं नाही तर आपोआप सुटका.

मुरूम_मैदान

@दीड_दमडी, मान्य. उड्या मागे घेतो. गट बदलण्याचा नियमच चांगला.

बालरुग्ण_विभाग

उन्हाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि सोलापुरात पहिला प्रश्न तोच.

मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या आत मावळतं. पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मैदान बंद, यावर वाद नको. खरा घोळ संध्याकाळी होतो. हवा जरा उतरते म्हणून पाचला मुलांना गच्चीवर सोडतात, पण काँक्रीटनं दिवसभर प्यायलेली उष्णता ते साडेसहा-सातपर्यंत ओकत असतं. लहान मूल जमिनीच्या जवळ असल्यामुळे त्याला ती जास्त लागते. हाताची पालथी बाजू फरशीवर ५ सेकंद टेकवून बघा. ठेवता येत नसेल तर खेळ मातीवर किंवा झाडाखाली न्या. मे महिन्यात सकाळी सव्वासहा ते साडेसातसारखी वेळ नाही. पण त्यासाठी मूल रात्री नवाच्या आत झोपलं पाहिजे. शाळकरी वयाला ९ तास तरी झोप लागते. अकराला झोपवून सहाला ओढून उठवलेलं मूल दोन दिवस खेळतं, तिसऱ्या दिवशी रडतं.

पहिल्याच दिवशी तास नको. दिवसभर कूलरमध्ये असलेल्या शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. २० मिनिटांपासून सुरू करा, दर दोन-तीन दिवसांनी १० मिनिटं वाढवा.

पाणी तहान लागायची वाट न बघता. ९ ते १२ वयाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली, म्हणजे छोटा पेला. बाटल्या सावलीत ठेवा, तापलेल्या बाटलीतलं पाणी मुलं पीत नाहीत, तोंड लावून ओततात. तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं, नंतर ताक किंवा लिंबू सरबत. जुलाब-उलटी होऊन गेलेलं किंवा अंगात कणकण असलेलं मूल त्या दिवशी खेळणार नाही.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले की सावलीत आडवं करा, पाय उंच, घोटघोट पाणी. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. क्रोसिननं हा ताप उतरत नाही.

अक्कलकोट_रोड_ताई

खूप उपयोगी. सर, नऊ वर्षांच्या मुलाचं समजलं. पाच वर्षांच्या आतल्यांचं काय? मोठ्या भावंडांच्या मागे येतात आणि तुडवले जातात.

बालरुग्ण_विभाग

ताई, त्यांचा हिशेब वेगळा. ३-४ वर्षांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० जरा दमवणारी. सलग मुळीच नाही. हे वय दोन मिनिटं पळतं, एक मिनिट मुंगी बघत बसतं, पुन्हा पळतं. त्यांना नियमाचा खेळ आणि रांग देऊ नका. खडूनं बेडकाची तळी काढा आणि उड्या मारू द्या, उशांवरून चढणं, फुगा जमिनीला लागू न देणं, बादलीत गोळा मारणं. मोठ्यांच्या डावात त्यांना ‘कच्चा लिंबू’ करण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, पण धक्क्याच्या खेळात त्यांना आत सोडू नका.

विजापूर_रोड_फिजिओ

दोरीवरच्या उड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. जागा कमी, खर्च कमी आणि वाढत्या हाडांना उत्तम, पण शिकवताना सगळे घाई करतात.

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढा. शिकणाऱ्या मुलाच्या काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. लांब दोरी जमिनीवर लोळते आणि पायात अडकते. बाजारातली पातळ प्लॅस्टिकची दोरी हलकी असल्यानं मधे वळते. सुती जाड दोरी किंवा मण्यांची दोरी घ्या, वजनामुळे तिचा कमानीचा आकार टिकतो.

क्रम असा. पहिले दोन दिवस दोरीशिवाय उड्या, पाय जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंमी वर, चवड्यावर उतरायचं, गुडघे किंचित वाकलेले, आवाज ‘धप्प’ नव्हे ‘टप’. मग दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी बाजूनं फिरवायची आणि तिच्या ठोक्यावर उडी. ताल बसला की दोन्ही हातांत. कोपर बरगडीजवळ, फिरतं ते मनगट. खांद्यापासून हात फिरवणारं मूल वीस उड्यांत थकतं आणि “मला जमत नाही” म्हणून दोरी टाकतं. त्याला दम कमी आहे असं नाही, हात चुकतोय.

२० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असे ६ फेरे. दोन आठवड्यांनी ३० आणि ३०. माती किंवा रबरी चटई चालेल, ग्रॅनाइट आणि गुळगुळीत फरशी नको. अनवाणी तर नकोच.

वाढीच्या वयातली दोन दुखणी ओळखून ठेवा. ८ ते १४ मध्ये टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं, आणि १० ते १५ मध्ये गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर हाडाचं टेंगूळ येऊन तिथं दुखणं. स्नायूंचा ताण वाढीच्या कूर्चेवर येतो म्हणून हे होतं. उड्या आणि वेगानं पळणं काही आठवडे कमी करा, सायकल-पोहणं चालू ठेवा. पूर्ण झोपवून ठेवायची गरज नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप किंवा लंगडणं असेल तर मात्र डॉक्टर.

जाता जाता: “जोर-बैठका काढल्या की उंची खुंटते” हा समज सोडा. स्वतःच्या शरीराचं वजन पेलण्याचे व्यायाम नीट शिकवले तर उंचीला काही होत नाही. जोर जमत नसेल तर भिंतीला हात टेकवून, मग ओट्याला, मग जमिनीवर.

सकाळची_शाळा

सगळं ठीक, पण एवढा उपद्व्याप कशाला? रोज १२ सूर्यनमस्कार घातले की विषय संपला.

मुरूम_मैदान

एक नमस्कार नीट घालायला २० ते ३० सेकंद लागतात. म्हणजे १२ झाले ४ ते ६ मिनिटं. उरलेली ५४? सूर्यनमस्कार लवचिकपणा आणि हात-खांद्यांच्या ताकदीला छान, ते जरूर ठेवा. पण संथ नमस्कारानं दम लागत नाही, आणि भराभर घातले की मुलांची कंबर खाली पडते, सगळा भार पाठीवर येतो.

सकाळची_शाळा

आणि कराटेचा क्लास आहे त्याचं?

मुरूम_मैदान

आठवड्यात ३ दिवस असेल तर उरलेल्या ४ दिवसांचं काय ते आधी सांगा. शिवाय तिथंही तेच स्टॉपवॉच लावा. वंदन, रांग, हजेरी, बेल्टच्या सूचना, आपला नंबर यायची वाट, हे वजा केल्यावर उरतं ते धरायचं. क्लास वाईट नाही. पण क्लासची फी भरली की खेळाचं खातं बंद, असं होतं.

सराटा

सायकलवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

मागची दोन छोटी चाकं लावून सायकल शिकवू नका. त्यात मूल पायडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढा. १५ नंबरचा पाना. उजवं पायडल नेहमीसारखं उलट फिरवून सुटतं, पण डाव्याला उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून सुटतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे खातो आणि सायकल दुकानात. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. मग मूल पायानं ढकलत जातं. दोन्ही पाय उचलून पाच-सहा मीटर घसरत जाता आलं की पायडल बसवा.

“मोठीच घेऊ, तीन वर्षं चालेल” हा सौदा महागात पडतो. पाय टेकत नाहीत, बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, एकदा पडलं की सायकल जिन्याखाली. दुकानात मूल बसवून बघा आणि ब्रेक त्याच्या बोटांनी पूर्ण दाबून बघा. वय विचारून सायकल देणाऱ्याकडून घेऊ नका.

आपल्याकडचा स्वतंत्र शत्रू म्हणजे सराटे. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर ते पिवळ्या फुलांचं पसरट झाड दिसलं की समजा, पुढे काटे आलेच. काटा टायरमध्ये दिसला तर जागेवर उपटू नका, हवा तिथंच जाईल. आधी दुकान गाठा. अनवाणी खो-खो खेळायच्या आधी जाड गोणपाट ओलं करून जमिनीवरून ओढा, निम्मे सराटे त्यात अडकून येतात.

जुळे_सोलापूर_७

लई भारी. गोणपाटाचं माहीत नव्हतं.

बालरुग्ण_विभाग

११-१२ वर्षांनंतर मुली मैदानातून गायब होतात, त्यावर दोन ओळी. “तिला आवडत नाही” म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा. खेळायला नीट बसणारे आतले-बाहेरचे कपडे आहेत का. जवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. आणि सोबत निदान तिघी-चौघी आहेत का. एकटी मुलगी मुलांच्या क्रिकेटात टिकत नाही, चौघी खो-खोत टिकतात. पाळीत खेळायला वैद्यकीय मनाई नाही, दुखत असेल त्या दिवशी चालणं पुरे.

आणि लवकर धाप, चेहरा फिका, जिना चढताना थांबणं, याला आळस म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासा. ५ ते ११ वयाला ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ ला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली फेकून देतात, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. जेवणानंतर घ्यावी, आणि पुढे-मागे तासभर चहा नको.

दमा असलेल्या मुलांनाही खेळू द्या. आधी दहा मिनिटं चालत-पळत अंग मोकळं करायचं, आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तर पंप खेळाच्या १०-१५ मिनिटं आधी. पंप खिशात किंवा बाजूच्या मोठ्या माणसाकडे. घरी कपाटात ठेवलेल्या पंपाचा उपयोग नाही.

अक्कलकोट_रोड_ताई

परीक्षेचे आणि पावसाचे दिवस आले की सगळं मोडतं. आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावर पाळणे आणि स्टॉल, तिथं खेळणाऱ्यांनी जायचं कुठं?

दीड_दमडी

ताई, गड्ड्यात पोरं पाळण्यात बसून तास काढणार हे धरूनच चाला. पण तिथवर आणि परत चालत न्या, बघा किती होतं.

परीक्षेत ६० चे तुकडे करा: १५ मिनिटांचे चार. पाऊण तास अभ्यास झाला की एक. शाळा साधारण एक किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन चालण्यातच दोन तुकडे भागले. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको, एवढं बघा. घरातलं कामही धरा. नळाला पाणी येतं त्या दिवशी अर्ध्या बादल्या दोन्ही हातांत सारख्या धरून दहा फेऱ्या, यापेक्षा चांगला ताकदीचा व्यायाम सोलापूरकराला कोण देणार!

पावसात काळ्या मातीवर जाऊ नका. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि पाय मुरगळतो. त्याच मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातही घोटा जातो. मुरमाचं मैदान पाण्यानंतर तासाभरात मोकळं होतं, पण गुडघे सोलतात. धुऊन, खडे काढून, मग मलम. वरून नुसती हळद दाबली की खडे आतच राहतात.

पार्क_चौक_कट्टा

शेवटचा प्रश्न सर. खेळायच्या आधी खायला काय? घरातून भाकरी खाऊनच पाठवतात बे, मग पोट धरून बसतंय पोरगं.

मुरूम_मैदान

पूर्ण जेवण आणि खेळ यांत दोन तास ठेवा. अर्धा तास आधी एक केळं किंवा मूठभर फुटाणे पुरे. शेंगाचटणी-भाकरी नंतर, आणि तेव्हा ती दुप्पट जाते.

जुळे_सोलापूर_७

रेषा कशानं आखायच्या ते राहिलं की. आमच्याकडं चुना आणून ठेवलाय.

मुरूम_मैदान

कळीचा चुना असेल तर परत करा. घाम किंवा पाणी लागलं की तो पोळतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मैदानावर मारतात ती पांढरी फक्की मिळते, नाहीतर जाड रांगोळी. दोन खिळ्यांना सुतळी ताणून बांधा, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात फक्की भरा आणि सुतळीच्या बाजूनं डबा आपटत चला. खिळे मात्र लगेच मोजून उचला. पार्किंगमध्ये साधा खडू, गाड्या लागायच्या आत पुसला जातो, त्यामुळे वॉचमनची कटकट नाही.